प्रतिवादी क्रमांक 3: वकीलपत्रावरची एक सही आणि न उमगलेले चार शब्द

पार्श्वभूमी

हे प्रकरण वाटपाच्या एका दिवाणी दाव्याचे आहे. संबंधितांची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत. आईवडिलांच्या पश्चात तीन भावंडे होती: थोरले बंधू, मधली बहीण आणि धाकटे बंधू. वडिलोपार्जित घर आणि शेतजमीन अशी दोन्ही प्रकारची मिळकत थोरल्या बंधूंच्या कब्जात होती. अनेक वर्षे तोंडी बोलणी होऊनही काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा धाकट्या बंधूंनी मिळकतीचे सरस-निरस मानाने (म्हणजे चांगल्या-वाईट भागांचा मेळ घालून) वाटप होऊन आपल्या हिश्श्याचा स्वतंत्र कब्जा मिळावा, म्हणून दावा दाखल केला. त्यात थोरले बंधू प्रतिवादी क्रमांक 1 झाले आणि काही गटांच्या सातबाऱ्यावर नाव लागलेला त्यांचा मुलगा प्रतिवादी क्रमांक 2 झाला. बहीण प्रतिवादी क्रमांक 3 झाल्या.

या बहिणींनी आयुष्यभर नोकरी केलेली होती. बँकेचे, विम्याचे, निवृत्तिवेतनाचे कागद त्या स्वतः वाचून सह्या करीत. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, पुढे जे घडले त्याचा संबंध निरक्षरतेशी नव्हता. न्यायालयातले शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून त्यांचा अर्थही ओळखीचाच असेल असे आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

समन्स हाती पडल्यावर त्यांनी पहिला शब्द वाचला तो 'प्रतिवादी'. धाकट्या भावाने आपल्याला कोर्टात खेचले, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि त्या दुखावल्या. वास्तविक वाटपाच्या दाव्यात सर्व सहहिस्सेदारांना पक्षकार करावेच लागते, आणि जे वादी म्हणून पुढे येत नाहीत त्यांना प्रतिवादी म्हणून दाखवले जाते. अशा दाव्यात प्रत्येक हिस्सेदाराचे स्थान एकाच वेळी वादीचे आणि प्रतिवादीचे असते. प्रतिवादीलाही आपला हिस्सा वेगळा करून मागता येतो, त्यासाठी आपल्या हिश्श्यापुरते न्यायालयीन शुल्क भरावे लागते एवढेच. येथे तर धाकट्या बंधूंनी वादपत्रातच तिन्ही भावंडांचा प्रत्येकी एक-तृतीयांश हिस्सा मान्य केला होता. ज्यांच्यावर बहीण रुसली त्यांनी तिचा हिस्सा लिहून दिला होता, आणि ज्यांच्या आसऱ्याला ती गेली त्यांची भूमिका नेमकी उलट होती.

अडचण कशी निर्माण झाली

समन्स मिळाल्यानंतर अकराव्या दिवशी थोरले बंधू बहिणीकडे आले. "आपण दोघे एकाच बाजूचे, वकील मी केला आहे, फी मी दिली आहे, तू फक्त सही कर," असे त्यांचे म्हणणे होते. आज सही झाली नाही तर तुझ्याविरुद्ध एकतर्फी होईल, असेही त्यांनी सांगितले. बहिणींनी तीन कागदांवर सह्या केल्या. पहिला छापील वकीलपत्राचा नमुना होता, त्यातील बहुतेक रकाने कोरे होते. दुसरा मुदतीचा अर्ज होता. तिसऱ्या कागदावर दोन ओळींचा मजकूर होता आणि वर 'पुरसिस' असे लिहिले होते.

यातील 'एकतर्फी' या शब्दाने त्यांच्यावर सर्वांत जास्त दडपण आणले, म्हणून तो आधी पाहू. समन्स मिळूनही पक्षकार हजर झाला नाही, तर न्यायालय त्याच्या गैरहजेरीत दावा पुढे चालवू शकते. त्याला एकतर्फी आदेश म्हणतात. हजर होऊनही वेळेत लेखी कैफियत (म्हणजे दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, तर 'विनाकैफियत' असा वेगळा आदेश होतो. बोलण्यात दोन्हींना सरसकट 'एकतर्फी' म्हटले जाते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आठव्या आदेशाच्या पहिल्या नियमानुसार कैफियतीसाठी समन्स बजावल्यापासून 30 दिवस मिळतात आणि न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी आदेश झालाच तरी सबळ कारण दाखवून तो उठवून घेता येतो, आणि एकतर्फी हुकूमनामा (दाव्याचा निकाल देणारा आदेश) रद्द करण्याचा अर्जही 30 दिवसांत करता येतो. म्हणजे भीती खरी होती, पण ती त्या दिवसाची नव्हती. अकराव्या दिवशी बहिणींकडे पहिल्या मुदतीतलेच एकोणीस दिवस शिल्लक होते. एवढ्या दिवसांत दुसऱ्या वकिलांना कागद दाखवून विचारणे सहज शक्य होते.

वकीलपत्राबद्दलही असाच गैरसमज होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे वकीलपत्र म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभे राहू देण्याची परवानगी. तसे ते आहेच. पण छापील नमुन्यात तडजोड करणे, दावा काढून घेणे, न्यायालयातून रक्कम स्वीकारणे, लवाद नेमणे असे अधिकारही एका दमात लिहिलेले असतात. नको असलेले अधिकार खोडून, त्यापुढे सही करून वकीलपत्र देता येते, हे बहुतेक पक्षकारांना माहीत नसते आणि घाईच्या सकाळी कोणी आवर्जून सांगतही नाही. वकीलपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांतही लोक गल्लत करतात. मुखत्यारपत्राने आपण आपले व्यवहार दुसऱ्यावर सोपवतो, तर वकीलपत्र त्या एका प्रकरणापुरते असते. मात्र त्या प्रकरणात ते केवळ एका तारखेपुरते नसते. न्यायालयाच्या परवानगीने ते रद्द होईपर्यंत, अथवा कामकाज पूर्ण संपेपर्यंत, ते चालू राहते.

खरा घाव मात्र तिसऱ्या कागदाने घातला. पुरसिस म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन. साक्षीपुरावा संपला, अमुक साक्षीदार तपासायचा नाही, अमुक अर्ज चालवायचा नाही, अशा साध्या गोष्टी पुरसिसने कळवतात, त्यामुळे तिच्याकडे किरकोळ कागद म्हणून पाहण्याची सवय पडलेली आहे. या पुरसिशीत लिहिले होते की, प्रतिवादी क्रमांक 1 यांनी दिलेली कैफियत हीच प्रतिवादी क्रमांक 3 यांची कैफियत समजण्यात यावी. सही झाली तेव्हा ती कैफियत अजून लिहिलीही गेली नव्हती. काही आठवड्यांनी ती दाखल झाली, तेव्हा तिच्यात असे कथन होते की, बहिणीने लग्नानंतर मिळकतीतील आपला हक्क भावाच्या लाभात तोंडी सोडून दिला आहे. अशा रीतीने, आपला हिस्सा नाही, हे बहिणींनी स्वतःच्याच सहीने न्यायालयाला सांगून टाकले होते.

ही गोष्ट उघडकीस आली ती सुमारे आठ महिन्यांनी. त्यांच्या एका भाच्याने समन्सवरील सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून दाव्याची स्थिती पाहिली. रोजच्या कामकाजाच्या नोंदीत पुरसिशीचा उल्लेख होता आणि दाव्याचे मुद्दे निघाल्याची नोंद होती. प्रमाणित नकला मागवल्यावर एक मुद्दा वाचून बहिणी हबकल्या: "प्रतिवादी क्रमांक 3 यांनी मिळकतीतील हक्क सोडून दिला आहे, हे प्रतिवादी क्रमांक 1 सिद्ध करतात काय?" मुद्दे म्हणजे न्यायालय ज्या प्रश्नांची उत्तरे निकालात देणार आहे ते प्रश्न. आपल्या हक्काचा फैसला व्हायचा आहे आणि त्यावर आपलीच कैफियत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता त्याच वकिलांकडे जाऊन चूक दुरुस्त करून घेण्याचा. बहिणींचा ओढा आरंभी याकडेच होता, कारण थोरल्या बंधूंशी उघड बिघाड त्यांना नको होता. परंतु थोरल्या बंधूंचा बचाव ज्या कथनावर उभा होता, ते खोडून काढल्याशिवाय बहिणींचे भले होणार नव्हते. एकच वकील या दोन्ही गोष्टी मांडू शकत नाही. हितसंबंधांचा विरोध म्हणतात तो हाच. फी भावाने दिली असल्याने वकील भावाचे, आपण नुसत्या सोबतीला, असे बहिणी समजत होत्या. पण वकीलपत्रावर ज्याची सही तो अशील, मग पैसे कोणीही दिलेले असोत. अशिलाच्या निर्णयावर परिणाम करतील अशा बाबी त्याला मोकळेपणाने सांगणे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाचे कर्तव्य आहे. त्या वकिलांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. भाऊ सांगतो ते बहिणीलाही मान्य असणार, असे धरून चालणारे लोक आपल्याकडे वकिलीच्या बाहेरही पुष्कळ आहेत.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा होता, आणि तो वाटतो तितका अविचारी नव्हता. हक्क सोडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी थोरल्या बंधूंवर होती. नोंदणीकृत हक्कसोडपत्र अस्तित्वात नव्हते, आणि स्थावर मिळकतीतील हक्क सोडून देणाऱ्या दस्ताची नोंदणी तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 नुसार सक्तीची आहे. वडील वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीपूर्वी वारले म्हणून मुलीला सहदायकीत (वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध वाट्यात) हक्क नाही, हा थोरल्या बंधूंचा दुसरा युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधील विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निर्णयापुढे टिकणारा नव्हता. तरीही, स्वतःच्या सहीने केलेली कबुली अभिलेखावर तशीच राहू देऊन निकालाची वाट पाहणे म्हणजे उलटतपासात तोच कागद समोर धरला जाण्याची वाट पाहणे होते.

तिसरा पर्याय स्वतंत्र वकील नेमून पुरसिस मागे घेण्याचा आणि वेगळी कैफियत देण्याचा होता. यात विलंब आणि खर्च होता, शिवाय यशाची खात्री नव्हती. कबुली मागे घेण्याचे अर्ज न्यायालये काटेकोरपणे तपासतात, आणि ते योग्यही आहे. नाहीतर पक्षकार रोज नवी भूमिका घेतील.

वकील खाजगी नेमावा की विधी सेवा समितीकडून मिळवावा, हा त्याच्याच पोटातला प्रश्न होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. बहिणी निवृत्तिवेतनधारक असल्याने 'ते गरिबांसाठी असते' असे त्यांनी गृहीत धरले होते. शेवटी त्यांनी खाजगी वकील निवडला, पण तालुका विधी सेवा समितीत जाऊन पहिला सल्ला घेतल्यानंतर.

केलेली कार्यवाही

नव्या वकिलांच्या पहिल्या भेटीत बहिणींनी वहीत शब्द लिहून नेले होते आणि प्रत्येक शब्दापुढे दोन प्रश्न विचारले: हे झाले नाही तर काय होते, आणि यावर माझी सही लागते का? ही युक्ती त्यांना भाच्याने सुचवली होती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच ठरली. व्याख्या पाठ करून पक्षकाराच्या हाती फारसे लागत नाही. शब्दाचा परिणाम विचारला की त्याचे वजन कळते.

फीबद्दलही बोलणे झाले. 'पूर्ण केसची फी' या शब्दांवर बहिणी थांबल्या. त्यात लेखी कैफियत, साक्षीपुरावा आणि युक्तिवाद येतो. पण मध्यस्थीतील बैठका, अंतरिम आदेशावरील अपील, आणि हुकूमनामा झाल्यावर प्रत्यक्ष कब्जासाठी करावी लागणारी दरखास्त येते का? उत्तर मिळाले की मध्यस्थी येते, अपील आणि दरखास्त येत नाही. टप्पे ठरवून, फी आणि खर्च वेगळे लिहून कागद झाला. खर्चात न्यायालयीन शुल्क, नकला, टंकलेखन, साक्षीदारांचे भत्ते हे सारे येते आणि ते वकिलाचे उत्पन्न नसते. मिळणाऱ्या मिळकतीत टक्केवारी घेण्याचा प्रस्ताव एका ओळखीच्या मध्यस्थाने आधी आणला होता. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, हे कळल्यावर तो विषय तेथेच संपला.

यानंतर 'ना हरकत' आडवी आली. एका वकिलाचे वकीलपत्र असताना दुसऱ्याने त्याच पक्षकारासाठी उभे राहायचे, तर आधीच्या वकिलाची संमती लागते. पहिल्या वकिलांनी फी बाकी असल्याचे कारण सांगून ती देण्यास टाळाटाळ केली आणि कागदही रोखून धरले. येथे बहिणी खचल्या होत्या. परंतु संमती मिळत नसेल तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते. आणि थकीत फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट केले आहे. राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करण्याचा मार्ग अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 मध्ये आहे. बहिणींनी तो वापरला नाही. लेखी पत्र पाठवल्यावर आठवडाभरात कागद मिळाले, आणि न्यायालयाने वकील बदलण्यास परवानगी दिली.

त्याच तारखेला तीन अर्ज गेले: पुरसिस मागे घेण्याचा, स्वतंत्र कैफियत स्वीकारण्याचा आणि विलंब माफीचा. वादी आणि प्रतिवादी क्रमांक 1 यांना 'म्हणणे' देण्यास सांगितले गेले. हा शब्दही फसवा आहे. म्हणणे म्हणजे तोंडी सांगणे नव्हे, अर्जावरचे लेखी उत्तर. धाकट्या बंधूंनी हरकत नसल्याचे लिहून दिले, थोरल्या बंधूंनी कडाडून विरोध केला. 90 दिवस केव्हाच उलटले आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तथापि 2005 च्या कैलाश विरुद्ध नन्हकू या निर्णयानुसार साधारण दिवाणी दाव्यात ही मुदत न्यायालयाचे हात पूर्णपणे बांधणारी नाही, अपवादात्मक कारणे असल्यास ती वाढवता येते. (वाणिज्यिक दाव्यांत तसे नाही, तेथे 120 दिवसांनंतर दार बंद होते.) सहीच्या वेळी कैफियत अस्तित्वातच नव्हती, हे दोन्ही कागदांवरील तारखांवरून सिद्ध करता आले. साक्षीपुरावा सुरू झालेला नव्हता. न्यायालयाने वादी आणि प्रतिवादी क्रमांक 1 यांना खर्चाची रक्कम देण्याच्या अटीवर अर्ज मंजूर केले. उलटतपास सुरू झाल्यानंतर हेच अर्ज आले असते, तर निकाल वेगळा लागला असता असे मला वाटते.

निष्पत्ती

स्वतंत्र कैफियत दाखल झाल्यावर थोरल्या बंधूंच्या बाजूचा जोर ओसरला आणि प्रकरण मध्यस्थीकडे गेले. चार बैठकांनंतर असे ठरले की, घर थोरल्या बंधूंकडे राहावे आणि त्याच्या मोबदल्यात बहिणीला व धाकट्या बंधूंना जमिनीत वाढीव हिस्सा मिळावा.

तडजोडीच्या मसुद्यावर बहिणींनी तीन आठवडे घेतले, आणि ते सत्कारणी लागले. पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, हे संहितेच्या कलम 96 च्या पोटकलम 3 मध्ये आहे. म्हणून एकेक गट, क्षेत्र आणि चतुःसीमा त्यांनी स्वतः ताडून पाहिल्या. त्यात दाव्यात नसलेला एक भूखंड थोरल्या बंधूंनी सद्भावनेने घातला होता. दाव्यातील मिळकतीपुरत्या तडजोड हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, पण दाव्याबाहेरील स्थावर मिळकत त्यात आली की तिच्यासाठी लागते. तो भूखंड काढून त्याचा वेगळा दस्त करण्याचे ठरले. तडजोडपत्रावर बहिणींनी स्वतः सही केली. नव्या वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार त्यांनी आधीच खोडून ठेवला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महागडा निर्णय अकराव्या दिवशीचा होता, याबद्दल कोणाचे दुमत होणार नाही. पण तो दिवस बारकाईने पाहिला तर त्या दिवशी त्यांना सर्व शब्द कळायला हवे होते असे नाही. वकीलपत्र देऊन पुरसिस बाजूला ठेवली असती तरी पुढचे आठ महिने वाचले असते. हजर होण्याची घाई असू शकते. दुसऱ्याचे म्हणणे आपले म्हणून स्वीकारण्याची घाई कोणत्याही मुदतीने लादलेली नव्हती.

वकिलांच्या बाजूने पाहता, दोन प्रतिवादींचे वकीलपत्र एकत्र घेताना बहिणींना एकदा स्वतंत्रपणे, भाऊ समोर नसताना, भेटून विचारणे पुरेसे होते. हक्क सोडल्याचे कथन कैफियतीत लिहिताना तरी ही भेट टाळता कामा नये होती.

नव्या वकिलांकडे जाण्यात बहिणींनी नकला मिळाल्यानंतर आणखी पाच आठवडे घालवले, ते थोरल्या बंधूंची समजूत काढण्यात गेले. हा वेळ वाया गेला असे काहींनी म्हटले. मला तसे वाटत नाही. मध्यस्थीत दोघे एका टेबलाशी बसू शकले त्यामागे तो वेळही असावा. मात्र समजूत काढत असतानाच पुढची तारीख कशासाठी आहे, हे त्यांनी विचारून घ्यायला हवे होते. ती साक्षीपुराव्यासाठी होती, आणि वादीचा सरतपास (म्हणजे त्याच्याच बाजूने नोंदवली जाणारी पहिली साक्ष) त्या दिवशी केवळ वेळेअभावी पुढे गेला.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच शेवटच्या भेटीत सांगितली. समन्ससोबत वादपत्राची प्रत त्यांच्या घरी आली होती. "वकिलांना लागेल" म्हणून थोरल्या बंधूंनी ती त्याच दिवशी नेली आणि त्यांनी ती न वाचता दिली. त्या प्रतीच्या चौथ्या परिच्छेदात त्यांच्या नावापुढे एक-तृतीयांश असे लिहिलेले होते.